जुन्या गाडीचा स्टार्टर आणि फ्युएल पंप बदलताना

कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीचा स्टार्टर गेला की लोक नवा आणून बसवतात आणि विषय मिटला असं समजतात. थोड्या महिन्यांनी नवा स्टार्टरही कण्हायला लागतो आणि मग शिव्या मिळतात नव्या मालाला. अशा वेळी आधी संशय घ्यावा तो इंजिनाच्या कडेला गपचूप बसलेल्या फ्युएल पंपावर.

गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं (पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या वाटीतलं) पेट्रोल उडून जातं. पंपाच्या आतल्या झडपा नीट बसत नसतील तर पाईपमधलं पेट्रोलही हळूहळू टाकीकडे उतरतं. मग किल्ली फिरवली की इंजिन फिरतं, पण पेट्रोल वर येईपर्यंत पेट घेत नाही आणि आपण सेल्फ मारत राहतो. लहान इंजिनाचा स्टार्टरसुद्धा फिरताना दीडशे ते अडीचशे अँपिअर ओढतो, आणि पहिल्या झटक्याला त्याहून जास्त. ही मोटर काही सेकंद चालावी म्हणून बनवलेली असते. ती सलग अर्धा मिनिट फिरवली की ब्रश (मोटरला करंट देणारे कार्बनचे तुकडे) तापतात, ते ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर काळा पडतो, आणि फारच छळलं तर आतलं झाळकामही वितळून उडतं. म्हणून माझं मत असं की ही दोन्ही कामं एकाच बैठकीत करावीत. निदान एक करताना दुसऱ्याची तपासणी तरी करावीच.

आधी खात्री, मग पाना

स्टार्टर काढायला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौथ्या हिश्शात तो खरंच गेलाय का, हे कळतं. साधा मल्टीमीटर पुरे. पूर्ण भरलेली, थोडा वेळ विसावलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना तीच बॅटरी ९.६ च्या खाली गेली तर आधी बॅटरीकडे बघा. ६ व्होल्टच्या गाडीत हे आकडे निम्मे धरा. ही चाचणी करताना इंजिन सुरू होऊ नये म्हणून प्लगच्या ठिणगीला व्होल्टेज देणाऱ्या कॉईलची बारीक वायर काढून ठेवा.

आता हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे जवळजवळ विझले आणि इंजिन हललं नाही, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा स्टार्टर अडकलाय. दिवे जसेच्या तसे राहिले तर करंट स्टार्टरपर्यंत पोचतच नाही: सोलेनॉइड (किल्ली फिरवल्यावर मोटरचा जाड करंट जोडणारा विजेवर चालणारा स्विच), किल्लीचा स्विच किंवा मधली वायर. एकच दणदणीत 'टक' आला आणि पुढे काही नाही, तर सोलेनॉइड ओढतोय पण त्याचे आतले कॉन्टॅक्ट जळालेत किंवा मोटरच गेली आहे. 'टकटकटक' अशी लड लागली तर दहापैकी नऊ वेळा बॅटरी किंवा टर्मिनल. मोटर घूं करून फिरते पण इंजिन जागचं हलत नाही, तर पिनियन (मोटरच्या टोकाचं छोटं दातेरी चाक) रिंग गिअरपर्यंत (इंजिनाच्या फ्लायव्हीलवरच्या मोठ्या दातेरी कड्यापर्यंत) जात नाही.

यानंतरची चाचणी बहुतेक जण करत नाहीत, आणि नेमकी तीच महत्त्वाची. मीटरची एक तार बॅटरीच्या खुद्द शिशाच्या पोस्टवर धरा, क्लॅम्पवर नव्हे. दुसरी स्टार्टरच्या जाड टर्मिनलवर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर जाड वायर, तिचे लग किंवा सोलेनॉइड यांत कुठेतरी करंट अडतोय. मग हेच अर्थच्या बाजूने करा: बॅटरीची अर्थची पोस्ट आणि स्टार्टरची बॉडी. इथे ०.२-०.३ व्होल्टच्या वर गेलं तर इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी अर्थ पट्टी तपासा. ती तुटलेली असेल तर एक विचित्र लक्षण दिसतं. सेल्फ मारताना चोकची केबल गरम होते, कधी तिच्यातून धूरही निघतो. अर्थचा रस्ता बंद झाल्यावर तो सगळा करंट त्या बिचाऱ्या केबलमधून वाट काढतो. असा दोष असताना नवा स्टार्टर बसवला तरी काडीचा फरक पडणार नाही.

पंपाकडे वळण्याआधीही तीन गोष्टी बघायच्या. टाकीचं झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा सुस्कारा आला, तर झाकणाचा श्वास बंद आहे. अशी गाडी दहा-पंधरा किलोमीटर धावून मरते आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा चालते. दुसरी गोष्ट फिल्टर. तिसरी म्हणजे टाकी आणि पंप यांच्यामधला रबरी पाईप. त्याला बारीक चीर असली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. त्यामुळे बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं आणि पंप मात्र हवा धरतो.

हे तिन्ही ठीक असेल तर कार्ब्युरेटरकडे जाणारा पाईप सोडवून त्याचं टोक बाटलीत घाला. कॉईलची वायर काढलेलीच आहे. सेल्फ मारला की इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांना एक असा जोरदार ठोका पडायला हवा, कारण पंपाला ढकलणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. नुसतं ओघळत असेल किंवा बुडबुडे येत असतील तर पंप किंवा त्याच्या मागचा पाईप दोषी. दाब मोजायचा मीटर असेल तर लहान चार सिलिंडर इंजिनांना साधारण दीड ते तीन पीएसआय आणि मोठ्या व्ही-८ इंजिनांना चार ते सहा पीएसआय सापडतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला धरा.

आणि डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल, तर पंपाचा डायफ्रॅम (पेट्रोल ओढणारा आतला लवचीक पडदा) फाटलेला असण्याची शक्यता दाट आहे. पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये उतरतं आणि पातळ झालेलं ऑइल बेअरिंगं खातं. अशी गाडी ढकलत न्या, चालवू नका.

तयारी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली उतरते आणि खड्ड्यात साचते. त्यामुळे सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात उतरून पंपाचं काम करू नये. मोकळ्या हवेत, थंड इंजिनावर, एलईडीचा दिवा वापरून करा. काचेचा बल्ब फुटला तर तीच ठिणगी. पावडरचा अग्निशामक हाताशी हवा, डिकीत नव्हे.

गाडीखाली जायचं असेल तर चाकांना उटी लावा आणि अ‍ॅक्सल स्टँडवर गाडी टेका. जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. आदल्या रात्री स्टार्टरच्या आणि पंपाच्या बोल्टांना गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर सकाळी अर्धी कुस्ती वाचते.

बॅटरीची अर्थची केबल आधी काढायची. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, तेव्हा 'मायनस काढा' हा नियम तिथे उलटा लागू होतो. चेसिसकडे जाणारी केबल कोणती, ते डोळ्यांनी बघा आणि तीच आधी सोडवा.

अजून एक काम आत्ताच उरका. पंपाला हाताने पेट्रोल चढवायचं लिव्हर असेल तर ते हलवून बघा. लिव्हर लुळं पडलं, काही जोर लागत नसेल, तर कॅमचा उंचवटा पंपाच्या आर्मला (इंजिनात शिरून कॅमवर टेकणाऱ्या दांड्याला) दाबून बसलाय. प्लग काढून, गिअर न्यूट्रलला टाकून, क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने फिरवत राहा. लिव्हरला पूर्ण, भरीव ठोका लागला की थांबा. आता आर्मवर दाब किमान आहे. पंप काढायलाही सोपा आणि नवा बसवायलाही.

स्टार्टर

मी आधी स्टार्टर काढतो. पंप आधी सोडवला तर खाली झोपल्यावर पेट्रोल अंगावर ठिबकतं.

जुन्या गाड्यांत दोन प्रकार भेटतात. एकात सोलेनॉइड वेगळं, बहुधा बॉनेटखालच्या पत्र्यावर बसवलेलं असतं. मोटरला एकच जाड वायर येते आणि मोटर फिरल्याच्या झटक्याने पिनियन आट्यांवरून सरकून रिंग गिअरमध्ये शिरतं. दुसऱ्यात सोलेनॉइड मोटरच्या पाठीवरच असतं आणि मोटर पूर्ण जोरात फिरण्याआधी पिनियन आत ढकलतं. पहिल्या प्रकाराचं पिनियन अडकलं असेल तर मोटरच्या मागच्या टोकाला शाफ्टचा चौकोनी शेंडा असतो का बघा. टोपी काढून त्यावर पाना लावून फिरवलं की पिनियन सुटतं, कधीकधी तेवढ्यावरच काम भागतं.

वायरी काढण्याआधी फोटो काढा. पाठीवर सोलेनॉइड असलेल्या स्टार्टरला बॅटरीची जाड वायर, किल्लीची बारीक वायर, आणि काही गाड्यांत आणखी एक बारीक वायर असते. ही तिसरी वायर सेल्फ मारताना कॉईलला रेझिस्टर टाळून पूर्ण व्होल्टेज देते. ती जोडायची राहिली तर इंजिन किल्ली सोडल्यावरच पेट घेतं आणि लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात.

जाड टर्मिनलवर दोन नट असतात. वरचा सोडवताना खालचा दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर अख्खा तांब्याचा बोल्ट फिरतो आणि आतला सांधा तुटतो.

स्टार्टर सहसा दोन बोल्टांवर बसतो आणि त्यातला वरचा जाणूनबुजून त्रास द्यायलाच ठेवल्यासारखा असतो. लांब एक्स्टेन्शन आणि लवचीक सांधा लावून गिअरबॉक्सच्या बाजूने हात घाला. बोट लावून बोल्टाचं डोकं शोधा, सॉकेट पूर्ण बसल्याची खात्री करा, मगच जोर लावा. डोकं झिजलं तर दिवस गेला. शेवटचा बोल्ट सुटताना एक हात मोटरखाली असू द्या. जुने स्टार्टर चांगले जड असतात आणि ते नाकावर घ्यायची गोष्ट नाही. मोटर आणि ब्लॉक यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या चकत्या निघाल्या तर त्या जपून ठेवा आणि तशाच परत लावा. पिनियन आणि रिंग गिअर यांच्यातलं अंतर त्यांनी ठरतं.

मोटर बाहेर आली की तिच्या जागेतून दिवा टाकून रिंग गिअर बघा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक दोन जागी थांबतं, त्यामुळे दातही तिथेच जास्त खाल्ले जातात. इंजिन हाताने पूर्ण एक फेरी फिरवून सगळे दात तपासा. कडा थोड्या घासलेल्या चालतात. दात निम्म्याने गेले असतील तर नवा स्टार्टर आज फिरेल, पण त्याचं पिनियनही खराब होईल. मात्र रिंग गिअर बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून तो निर्णय शांतपणे घ्या.

जुना स्टार्टर टाकून देण्याची घाई नको. ब्रश, बुश आणि साफ केलेला कम्युटेटर यांवर यातल्या कितीतरी मोटरी पुन्हा उभ्या राहतात. त्यांची बांधणी आजच्या स्वस्त पर्यायांपेक्षा दणकट असते. पहिल्या प्रकारातल्या पिनियनच्या आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नका. क्लचची धूळ त्यात बसते आणि पिनियन चिकटतं. रॉकेलने धुऊन कोरडं ठेवा.

नवा आणला असेल तर जुन्याशेजारी ठेवून तुलना करा. पिनियनचे दात मोजा, नाकाची लांबी आणि बोल्टांच्या भोकांमधलं अंतर जुळवा. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीला आजचा कायमचुंबकाचा, गिअर असलेला स्टार्टर लावताना विशेष जपा. जुनी गुंडाळीची मोटर ध्रुव उलटे झाले तरी त्याच दिशेने फिरते. चुंबकाची मोटर उलट फिरते.

बसवण्याआधी गाडीपासून लांब, व्हाइसमध्ये पक्का आवळून जंपर केबलने दोन-तीन सेकंद फिरवून बघा. भाराशिवाय ही मोटर बेफाम वेग घेते, शिवाय सुरू होताना झटका देते, त्यामुळे हातात धरून हा प्रयोग नको.

बसवताना ब्लॉकची आणि स्टार्टरची टेकणारी जागा पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा. स्टार्टरचा अर्थ याच जागेतून जातो आणि नव्या मोटरीवरचा रंग इथे आडवा येतो. दोन्ही बोल्ट हाताने आट्यात बसवून मग आळीपाळीने आवळा. तांब्याचे नट बेताने. रबरी टोपी आठवणीने चढवा.

पंप

बॅटरी अजून जोडायची नाही.

टाकी पंपापेक्षा उंच असेल तर पाईप काढताच पेट्रोल आपोआप वाहू लागतं. आत येणारा पाईप सुटला की लगेच योग्य मापाचा बोल्ट किंवा लाकडी खुंटी ठोसा. धातूचे नट सोडवताना दोन पाने लागतात. एक पंपाचा जोड धरायला आणि दुसरा नट फिरवायला, नाहीतर पाईप पिळवटतो. सांडलेलं पेट्रोल फडक्याने टिपा आणि ते फडकं बाहेर उघड्यावर वाळत टाका.

दोन बोल्ट थोडे थोडे सोडवा आणि पंप किंचित तिरका करत बाहेर काढा. आर्म आत कोणत्या कोनात गेली होती, ते बघून ठेवा. मागची जाड काळी चकती गॅस्केट समजून फेकू नका. ती इंजिनाची उष्णता अडवते, आणि आर्म कॅमपर्यंत किती पोचेल हेही तिच्या जाडीवर ठरतं. ती गाळली तर कॅम आर्मला मर्यादेपलीकडे ढकलतो. उलट हौसेने दोन-दोन गॅस्केटं लावली तर पंपाचा ठोका आखूड होतो. जेवढी जाडी निघाली तेवढीच परत जायला हवी. काही व्ही-८ इंजिनांत आर्म आणि कॅम यांच्यामध्ये एक सुटी दांडी असते. ती खाली घसरते. जाड ग्रीस लावून वर चिकटवून ठेवली की तेवढा वेळ टिकते.

नव्या पंपाची आर्म जुन्याशी ताडून बघा. लांबी आणि बाक थोडाही वेगळा असेल तर तो पंप परत करा. 'बसतोय ना' हे इथे पुरेसं नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल वापरत असाल तर त्याला टिकणारा डायफ्रॅम आहे का, हे विचारून घ्या. रबरी पाईपही याच वेळी बदला. त्यावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं असेल तर आतलं अस्तर इथेनॉल सोसणारं आहे.

आर्मच्या टोकाला थोडं इंजिन ऑइल लावा. आर्म कॅमच्या योग्य बाजूला बसली पाहिजे. ती चुकून दुसऱ्या बाजूला गेली तर पंप ब्लॉकला टेकत नाही, आणि बोल्टांनी ओढून टेकवला तर पहिल्याच फेरीत आर्म मोडते. बरोबर बसलेला पंप शेवटच्या काही मिलिमीटरला स्प्रिंगसारखा हलका विरोध करतो आणि हाताच्या दाबाने सपाट बसतो. तो विरोध हाताला जाणवला की बोल्ट आळीपाळीने आवळा. पाईपचे नट मात्र आधी हाताने आट्यात घ्या. पंपाची बॉडी मऊ धातूची असते आणि तिरके चढलेले आटे परत येत नाहीत.

याच्या जागी इलेक्ट्रिक पंप बसवावा का? मूळ इंजिनावर मेकॅनिकल पंप असेल तर माझं उत्तर नाही. इलेक्ट्रिक पंपाचा दाब जास्त झाला तर कार्ब्युरेटरची सुई उचलली जाऊन पेट्रोल ओसंडतं, म्हणून रेग्युलेटर लागतो. अपघातात इंजिन बंद पडलं तरी तो पेट्रोल ढकलतच राहतो, म्हणून तो बंद करणारा वेगळा स्विच लागतो. तरीही बसवायचाच असेल तर टाकीजवळ, खालच्या पातळीला बसवा. हे पंप ढकलण्यात तरबेज असतात, ओढण्यात नाही. मूळचाच इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत, उदाहरणार्थ एसयू कंपनीचा टकटकणारा पंप, आधी त्याचे पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे आतले कॉन्टॅक्ट) साफ करून बघा. पंपावर हलकी टिचकी मारल्यावर तो चालू झाला तर रोग पॉइंटचाच आहे.

पहिला सेल्फ

बॅटरी जोडण्याआधी हात-लिव्हर चालवा. सुरुवातीला पोकळ लागेल, मग हळूहळू जड होईल, आणि फ्लोट चेंबर भरलं की लिव्हर एकदम सैल पडेल. मग सगळे जोड कोरड्या कागदाने पुसून बघा. ओला डाग दिसला तर आत्ताच आवळा. ज्या पंपाला लिव्हर नाही, तिथे कार्ब्युरेटरच्या व्हेंटमधून (हवेच्या भोकातून) फ्लोट चेंबरमध्ये थोडं पेट्रोल घाला. नव्या स्टार्टरला पेट्रोल ओढायला लावायचं नाही, एवढाच यामागचा हेतू. गाडी महिनाभर उभी राहिली तरी हेच करा.

प्लग आणि कॉईलची वायर परत लावा. बॅटरीची जिवंत केबल आधी, अर्थची शेवटी. सेल्फ मारा, पण दहा सेकंदांच्या वर नाही. पेट घेतला नाही तर एक-दोन मिनिटं थांबून मग पुन्हा. किल्ली सोडल्यावर कर्कश किंकाळी ऐकू आली तर पिनियन बाहेर येत नाहीये. लगेच इंजिन बंद करा आणि स्टार्टरच्या चकत्या तपासा.

इंजिन चालू असताना पंपाच्या खालच्या बारीक भोकाकडे बघा. तिथून पेट्रोल आलं तर नवा डायफ्रॅम सदोष, ऑइल आलं तर सील. गाडी पूर्ण गरम झाली की बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारा. दमलेले स्टार्टर आणि कमजोर पंप थंड इंजिनावर फसवतात, गरम असताना उघडे पडतात.

जुना डायफ्रॅम फाटलेला होता, तर पहिला सेल्फ मारण्याआधीच ऑइल आणि फिल्टर बदलायचा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर पंपाचे बोल्ट एकदा पुन्हा बघा. नवं गॅस्केट दबलेलं असतं आणि बोल्ट पाव फेरी सहज घेतात.